शून्य युरो, एक थेंब मेण

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

फ्रेम मिळाली! माझ्या नावाची!

नीट लिहितो, नाहीतर उद्या वाचून मलाच कळणार नाही.

मुलुंडच्या आमच्या नोटा-नाणी संग्राहक मंडळाचं वार्षिक प्रदर्शन ७ डिसेंबरला आहे. आमच्या म्हणजे त्यांच्या. मी सभासद नाही, मी काम करतो. चोवीस फ्रेमा असतात. एका फ्रेममध्ये सोळा पानं — चार ओळी, ओळीत चार. गेली तीन वर्षं सगळ्या मीच लावतो. लोकांच्या नोटा पारदर्शक पाकिटात घालायच्या, पानावर बसवायच्या, खाली माहितीचं कार्ड लिहायचं. अक्षर माझं, नाव ज्याची नोट त्याचं. बरोबरच आहे.

आज एक सभासद मुलाकडे परदेशी जाणार म्हणाले आणि चोविसावी फ्रेम रिकामी राहिली. नंदकिशोर सर मंडळाचे सचिव. ते म्हणाले, "प्रबुद्ध, तूच लाव की त्यात काहीतरी. तेवीस भरलेल्या नि एक बोडकी, बरं नाही दिसत." सगळे हसले. मीही हसलो. मग विचारलं, "खाली माझं नाव लागेल ना सर?"

"लागेल रे राजा. मोठ्या अक्षरात लाव."

मोठ्या नाही. सगळ्यांचं असतं त्याच मापात लावीन. प्रबुद्ध शिवदास हिवराळे. अकरावीत कॉलेज सुटलं तेव्हापासून हे नाव कुठल्या भिंतीवर लागलेलं नाही.

अडचण एकच. फ्रेम आहे, लावायला माझ्याकडे नोट नाही!

सोमवार, १० नोव्हेंबर

दुकान दहाला उघडतं. (लॅमिनेशनचं. दिवसभर आधार कार्डं आणि शाळेची ओळखपत्रं.) त्याआधी आईबरोबर बोरिवलीच्या बाजारात गेलो. बेनाबाय नेहमीच्या जागी होती. ती गोराईची, ख्रिश्चन, स्वतःच्या वाडीतली भाजी बोटीने इकडे आणते. आई पंधरा वर्षं तिच्याकडूनच तोंडली घेते आणि पंधरा वर्षं तिच्याशी भांडते.

आईने तिला फ्रेमचं सांगून टाकलं. आईच्या पोटात काही राहत नाही.

"नोट पायजे?" बेनाबाय म्हणाली. "माझ्याकडे हाय एक. फातिमाची. तिच्यावर शून्य लिवलंय."

मी तोंडली हातातच धरून उभा राहिलो. शून्य युरोची नोट! मी फक्त पुस्तकात पाहिली आहे. युरोपात प्रसिद्ध ठिकाणांची आठवण म्हणून छापतात. कागद खऱ्या नोटेचा, वॉटरमार्क, चमकती पट्टी, क्रमांक — सगळं खरं. फक्त किंमत शून्य. तिने काही विकत घेता येत नाही. आमच्या मंडळात एकाकडेही नाही.

"तुला कुठे मिळाली?"

"माझी मैत्रीण फ्लोरी गेली होती ना पोर्तुगालला, फातिमामातेच्या यात्रेला, आमच्या चर्चच्या, पॅरिशच्या बायांबरोबर. तिनं आणली. घरच्या अल्तारावर असते. शनिवारी ये, घेऊन जा."

आई म्हणाली, "बघ. आणि तू सारखा म्हणतोस तोंडली नको."

गुरुवार, १३ नोव्हेंबर

कार्डासाठी शब्द तीनदा तपासला — फातिमाचं मोठं चर्च म्हणजे बॅसिलिका. बॅ-सि-लि-का. सि, लि दोन्ही ऱ्हस्व. आता पुन्हा बघायचं नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अर्धा दिवस सुट्टी घेऊन गोराईला गेलो. बोटीत मी पाकीट, पुठ्ठा, चिमटा सगळं पिशवीत घालून पिशवी छातीशी धरून बसलो होतो. एक बाई म्हणाली, "बाळ आहे का आत?"

बेनाबायचं घर विहिरीजवळ. भिंतीवर एक फळी, तोच तिचा अल्तार; फळीवर मरियामाता, निळा दिवा, नवऱ्याचा फोटो — चार वर्षांपूर्वी गेला तो — आणि मातेच्या पायाशी टेकवून ठेवलेली नोट.

जांभळट रंगाची. त्यावर बॅसिलिकेचा पांढरा मनोरा, वरती मुकुट, दोन्ही बाजूंना खांबांची लांब ओळ, जणू कोणी हात पसरून उभं आहे. मी चिमट्याने उचलली तशी बेनाबाय हसायला लागली — "चावत नाय ती!"

एकच दोष. मनोऱ्याच्या डाव्या अंगाला मेणाचा थेंब. वाटाण्याएवढा. पिवळा पडलेला, कडेला धूळ धरलेली. अल्तारावरच्या मेणबत्तीचा पडला असणार.

निघताना बेनाबायने नोट माझ्याकडे देण्याआधी कपाळाला लावली. "सांभाळ हां. नाताळाच्या आधी परत आण."

म्हटलं, "बेनाबाय, तू दिलीस त्याहून चांगली करून आणतो."

रविवार, १६ नोव्हेंबर

झालं काम!

पद्धत लिहून ठेवतो. नोटेच्या वर-खाली टिपकागद, दोन-दोन पदर. इस्त्री सगळ्यात कमी आचेवर, आधी मनगटाला लावून बघायची. दाबायची नाही, नुसती टेकवायची, पाच मोजायचे, उचलायची. चमकत्या पट्टीवर पुठ्ठा — तिला ऊब लागता कामा नये. प्रत्येक वेळी नवा टिपकागद. मेण विरघळून कागदात चढतं. अकरा वेळा केलं. अकराव्या टिपकागदावर डाग नाही.

मग नोट दोन काचांमध्ये. संध्याकाळी खिडकीशी धरून पाहिली. थेंब कुठे होता ते मलाही सापडेना! मनोरा दुधासारखा पांढरा.

हे काम मला सरांनी शिकवलं. मंडळात ते माझ्याइतकं कोणालाही जमत नाही. हे मी स्वतःबद्दल लिहितोय, पण खरं आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

कसं लिहू.

सकाळी नोट घेऊन बाजारात गेलो. मुद्दाम. म्हटलं, बघून खूश होईल. बेनाबायने हात पदराला पुसले, पाकीट हातात घेतलं, वर धरलं. उलटं केलं. पुन्हा सुलटं केलं.

"माझा थेंब कुठे?"

मी हसत म्हणालो, "काढला! बघ, डागसुद्धा नाही."

गिऱ्हाईक भाव विचारत होतं, तिकडे तिने बघितलंही नाही. मग भाजीच्या टोपलीवर पाकीट ठेवून सांगायला लागली. तिची बोली मला नीट लिहिता येत नाही, माझ्या भाषेत लिहितो.

२०१८ साली पॅरिशच्या अठरा बायका फातिमाला निघाल्या. बेनाबायचंही नाव होतं, सहा वर्षं त्यासाठी पैसे मागे टाकत होती. निघायच्या आधी नवरा अंथरुणाला खिळला. तिने आपली जागा सोडली. फ्लोरीला, म्हणजे तिच्या लहानपणापासूनच्या मैत्रिणीला, गोराईच्या देवळातली एक मेणबत्ती दिली आणि म्हणाली, माझ्या नावाने तिथे लाव. आणि लावलीस हे मला कळेल असं काहीतरी आण. फ्लोरीने बॅसिलिकेसमोर ती मेणबत्ती लावली, ही नोट विकत घेतली आणि पेटत्या मेणबत्तीचा एक थेंब नोटेवर पाडून आणला.

"मी गेले नाय," बेनाबाय म्हणाली. "मेण गेलं. सात वर्षं रोज सकाळी मी त्या थेंबावर बोट ठेवते. मग घरातनं निघते."

मी म्हणालो — काय म्हणालो आठवत नाही. चूक झाली असंच काहीतरी.

तिने पाकीट माझ्याकडे सरकवलं. "ठेव तुझ्या फ्रेममध्ये. आता माझ्या अल्तारावर काय काम तिचं? चित्र हाय नुसतं."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

अकरा टिपकागद केराच्या डब्यात होते. डबा सोमवारीच गेला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आई तीन दिवस बघत होती. आज ताट पुढे ठेवून म्हणाली, "सांग."

सांगितलं. मला वाटलं म्हणेल, जाऊ दे, मेणच होतं. तसं नाही म्हणाली.

"तिला विचारलं होतंस?"

"नाही."

"का नाही?"

"डाग होता तो, आई."

"तुला डाग. दीक्षाभूमीवरची चिमूटभर माती माझ्या डब्यात आहे, तुझ्या बाबांनी आणलेली. उद्या कोणी डबा घासून लख्ख करून माझ्या हातात दिला, तर मी काय म्हणू? वा, किती स्वच्छ?"

मी ताट बाजूला सारलं.

मग एक सुचलं. फ्रेममध्ये नोट लागेलच. खाली कार्ड लागेल. त्या कार्डावर मी काय केलं ते लिहायचं. सगळं. कार्डं लिहिणं हे माझं काम आहे ना? मग खरं कार्ड लिहीन.

सहा मसुदे झाले. सातवा असा —

"शून्य युरो. स्मरणनोट. फातिमाची बॅसिलिका, पोर्तुगाल. मालकीण : बेनेडिक्ता मुनीस, गोराई. या नोटेवर बॅसिलिकेपुढे मालकिणीच्या नावाने लावलेल्या मेणबत्तीचा एक थेंब होता. तो मी डाग समजून १६ नोव्हेंबरला इस्त्रीने काढला. मालकिणीला विचारलं नाही. नोट आता स्वच्छ आहे आणि अपुरी आहे. — प्रबुद्ध शिवदास हिवराळे."

दोन प्रती केल्या. मी नेहमी दोन करतो.

रविवार, २३ नोव्हेंबर

सरांना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला, दार लोटून घेतलं.

"हे काय आहे?"

"कार्ड सर. माझ्या फ्रेमचं."

"इस्त्रीचं कशाला लिहिलंस?"

"केली म्हणून."

ते बसले. आवाज अगदी मऊ. "बाळ, हे कार्ड लागलं की पहिला प्रश्न काय येईल? या मुलाने अजून काय काय इस्त्री केलंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी फक्त माझ्या नोटेचा विचार करत होतो!

तीन वर्षांत सर मला पाकिटं देत आले. घडी पडलेल्या, मऊ झालेल्या जुन्या नोटा. मी त्या दाबून सरळ करतो. मग सर सांगतात आणि मी कार्डावर लिहितो — "कोरी". कोरी म्हणजे जी कधी कोणाच्या खिशात गेली नाही ती. कोऱ्या नोटेला मान वेगळा, भाव वेगळा. दाबलेली नोट कोरी म्हणून दाखवणं ही या छंदातली सगळ्यात मोठी लबाडी आहे, हे मंडळाच्या नियमपुस्तिकेत आहे. आठवं कलम. पुस्तिका मीच टाइप केली होती. मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्याचा विचार करत नव्हतो. सर सांगतात तर ठीक असेल.

"त्या नोटा कोणाच्या सर? त्यांना माहीत आहे?"

"काहींना आहे. काहींना मी चांगली वस्तू मिळवून दिली, ते खूश आहेत. तुला काय करायचंय? मेणाचं काढून टाक. बॅसिलिकेची माहिती लिही, उंची लिही, साल लिही. फ्रेममध्ये माल बोलतो, माणूस नाही." आणि दार उघडताना — "आणि मला एक कळत नाही. तू जयभीमवाला. चर्चच्या मेणाचं तुला एवढं काय रे?"

उत्तर मला बसमध्ये मुलुंड ते बोरिवली सुचत राहिलं. आता लिहितो, सर, म्हणजे कुठेतरी असू दे — मेण चर्चचं नव्हतं. बेनाबायचं होतं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सरांचा फोन, दुपारी, दुकानात. "विचार झाला का?" म्हटलं झाला. "मग?" "कार्ड तेच राहील सर."

फोन ठेवल्यावर एका ओळखपत्राला बुडबुडा आला. फुकट गेलं. पुन्हा केलं.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज सरांनी पाकिटं दिली नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाले, "प्रबुद्ध फ्रेमा लावायला येईल, त्यानंतर आपण दुसरा माणूस बघू. त्याला आता मोठं व्हायचंय." लोक हसले. लता मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्या बँकेतून निवृत्त झाल्या, आयुष्यभर कॅश काउंटर. चहा देताना म्हणाल्या, "काय झालं रे तुझं नि त्यांचं?" म्हटलं, काही नाही मॅडम.

हे का म्हणालो? त्यांचीच एक नोट मी गेल्या वर्षी दाबली आहे. शंभराची, जुनी, हत्तींची. सरांकडून घेतलेली. त्या ती सगळ्यांना दाखवत असतात.

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "शनिवारी सकाळी आठला हॉलवर. फ्रेमा तेव्हाच लागतील."

"शनिवारी सहा डिसेंबर आहे सर. मी दादरला असतो. रविवारी पहाटे येऊन लावतो."

"यंदा एक वर्ष नाही गेलास तर?"

"जाणार सर."

तीन वर्षांत त्यांना दोनदा नाही म्हणालो, दोन्ही या आठवड्यात. आणि जिना उतरताना कठडाही धरला नाही!

मंगळवार, २ डिसेंबर

बाजारात गेलो. बेनाबायला म्हटलं, रविवारी प्रदर्शनाला ये. माझं काम बघायला नाही. मी तुझ्याबद्दल लिहिलंय, ते तू बघितलं पाहिजेस.

"भाजी कोण विकेल? तुझा सायेब?"

आई मध्ये पडली. "मी बसते तुझ्या जागेवर. तोंडलीचा भाव मला पाठ आहे, पंधरा वर्षं ऐकतेय."

बेनाबायला हसू आलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. "तू बसलीस तर बोटीचं भाडं पण सुटायचं नाय. बघते. फ्लोरीला घेऊन येते."

शनिवार, ६ डिसेंबर

आईबरोबर रांगेत पाच तास. पुढे मेहकरकडचं एक कुटुंब होतं. म्हाताऱ्या आजोबांनी खिशातून तीन मेणबत्त्या काढून दाखवल्या — गावातल्या तिघांच्या, ज्यांना येता आलं नाही त्यांच्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर नाव. आजोबा त्या सारख्या मोजत होते, हरवू नयेत म्हणून.

आईने माझ्याकडे बघितलं. मी आजोबांना माझा रुमाल दिला, मेणबत्त्या गुंडाळायला.

रविवार, ७ डिसेंबर

हात दुखतोय तरी आजच लिहिणार.

सकाळी साडेपाचला हॉलवर. चोवीस फ्रेमा साडेनऊपर्यंत लावल्या. चोविसावी शेवटी. एका पानावर नोट, बाकी पंधरा पानं — बॅसिलिकेचा इतिहास, मनोऱ्याचं मी काढलेलं चित्र, मागच्या बाजूची माहिती. खाली कार्ड. खाली नाव. दोन मिनिटं लांबून बघितलं. मग मागे एक सुरकुती दिसली ती सरळ केली.

दहाला सर आले. सरळ माझ्या फ्रेमपाशी. खिशातून छोटी कात्री काढली, टेप कापली, कार्ड काढून खिशात टाकलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

मी दुसरी प्रत लावली.

ते परत आले. "तू वेडा आहेस का?" दुसरीही काढली, ती हातातच ठेवली. "प्रबुद्ध, ऐक. नोट राहू दे. नाव राहू दे. नाव हवं होतं ना तुला? मिळालं. हे कार्ड सोड, पुढच्या रविवारपासून काम चालू. सभासदही करून घेतो. माझा शब्द."

खोटं कशाला लिहू — मोह झाला. सभासद! सभासदांच्या यादीत माझं नाव छापलं जाणार, पुस्तिकेत. मी टेपच्या तुकड्यांकडे बघत राहिलो, आणि त्यांना वाटलं झालं. माझ्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात बेनाबाय. काठाची साडी, केसात फूल, मागे फ्लोरी — उंच, चष्मेवाली, पर्स पोटाशी. हॉलमधले लोक बघायला लागले. बेनाबाय फ्रेम शोधत शोधत आली. नोट बघितली. खाली रिकामी जागा आणि टेपचे दोन तुकडे.

"कुठे लिवलंयस माझ्याबद्दल?"

सरांच्या हातात कार्ड होतं. मी हात पुढे केला. "सर, कार्ड द्या." त्यांनी दिलं नाही. हॉलमध्ये तीसेक माणसं.

मग मी बोललो. कार्ड मला पाठ आहे, सात मसुदे केलेत. शून्य युरो, स्मरणनोट, इथपासून सुरू केलं. आवाज आधी फाटला, मग लागला. "...तो मी डाग समजून १६ नोव्हेंबरला इस्त्रीने काढला. मालकिणीला विचारलं नाही. नोट आता स्वच्छ आहे आणि अपुरी आहे. प्रबुद्ध शिवदास हिवराळे."



लता मॅडम पुढे आल्या. "इस्त्री करतोस तू नोटांना?"

"हो मॅडम."

"माझी हत्तींची?"

सर म्हणाले, "लताताई, ही जागा नाही —"

"मी त्याला विचारतेय."

"हो मॅडम. तुमचीही. सरांनी आणून दिली, दाबली मी. खाली 'कोरी' लिहिलं तेही मीच."

"आणि वर्षभर माझ्या हातचा चहा पीत होतास."

मी मान खाली घातली नाही. घालावीशी वाटत होती. त्या नवव्या फ्रेमपाशी गेल्या, पर्समधून पेन काढलं, आपल्या कार्डावरचा "कोरी" शब्द आडवी रेघ मारून खोडला आणि वर "दाबलेली" लिहिलं. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "नंदकिशोर, तीस वर्षं नोटा मोजल्या मी. दाबलेली नोट हाताला कळायला हवी होती मला. तुझ्यावर विश्वास होता म्हणून हात लावून बघितलाच नाही."

त्यानंतर गोंधळ. दोघेतिघे सभासद आपापल्या फ्रेमपाशी धावले. एक मला म्हणाला, "तुला काय मिळालं रे हे करून?" एक म्हणाला, "माझी सांग, माझी पण आहे का?" मी सांगितलं. ज्यांनी विचारलं त्या सगळ्यांना सांगितलं. चौदा नोटा. ज्यांनी विचारलं नाही त्यांना नाही सांगितलं, त्यांना माहीत होतं.

सर म्हणाले, "तुझी फ्रेम उतरव आणि नीघ."

"प्रदर्शन सहाला संपतं सर. सहाला उतरवीन."

आणि उभा राहिलो, फ्रेमला पाठ लावून. सहापर्यंत. पाणी प्यायलाही गेलो नाही.

बेनाबाय अर्धा तास थांबली. मी म्हटलं, नोट आजच घेऊन जा. ती म्हणाली, "सहापर्यंत तुझी हाय." जाताना गालावर चापट मारली, जरा जोरातच. फ्लोरीने नोटेकडेही नीट बघितलं नाही. मला वाटलं, माझ्यावर रागावली असेल. हक्कच आहे तिचा.

सोमवार, ८ डिसेंबर

मंडळाच्या ग्रुपमधून काढलं. सकाळी सात चौदाला.

लता मॅडमचा वेगळा मेसेज — "अजून राग आहे. पण पुढच्या महिन्यात माझ्या घरी ये. सगळी कार्डं नव्याने लिहायची आहेत, खरी."

मंगळवार, ९ डिसेंबर

गोराईला जाऊन नोट परत दिली. तिने घेतली, पण अल्तारावर ठेवली नाही. कपाटात, साड्यांखाली ठेवली.

गुरुवार, ११ डिसेंबर

बेनाबाय बाजारात आज भाजी सोडून माझी वाट बघत होती.

काल फ्लोरी तिच्या घरी येऊन रडली. म्हणाली, त्या पोराने भरल्या हॉलमध्ये सांगितलं, मी सात वर्षं तुला सांगितलं नाही. तिथे मेणबत्तीची रांग लांब होती, बस सुटत होती, गाइड ओरडत होता. बेनाबायची मेणबत्ती पिशवीतच राहिली. नोटेवरचा थेंब हॉटेलातल्या जेवणाच्या टेबलावरच्या मेणबत्तीचा.

"सात वर्षं मी हॉटेलच्या मेणावर बोट ठेवत होते!" बेनाबाय म्हणाली आणि हसायला लागली. एवढी, की शेजारचा लिंबूवाला उठून बघायला आला.

मग डोळे पुसले. म्हणाली, "फ्लोरीला म्हटलं, आता तू माझं सामान उचलायचं." आणि माझ्याकडे वळून —

"वय चौऱ्याहत्तर हाय. पासपोर्टला काय काय लागतं रे?"